फळमाशीच्या परोपजीवींचा वितरण-नकाशा: पाटपाणी आणि ठिबक मॉडेलला समजवायचं कसं?

निफाड_कीडनोंद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्हा आणि लगतचा अहिल्यानगरचा उत्तर भाग धरून फळमाशीच्या दोन परोपजीवींचा (तिच्या अंड्यात-अळीत वाढून तिला मारणारे छोटे कीटक) संभाव्य वितरण-नकाशा करतो आहे: फोपियस अरिसानस आणि डायाकास्मिमॉर्फा लाँजिकॉडाटा. नोंदी ३८. त्यांतल्या काही जुन्या संग्रहांच्या लेबलांवरून, काही जीबिफ या जागतिक जीव-नोंदींच्या संकेतस्थळावरून, बाकीच्या पेरू-आंब्याच्या किडक्या फळांतून काढलेल्या. सॉफ्टवेअर मॅक्सएंट (नोंदींच्या जागांवरून प्रजातीला आणखी कुठे राहता येईल ते काढणारं), हवामानाचे थर वर्ल्डक्लिम २.१ चे, १९ च्या १९, ३० आर्क-सेकंदांचे.

सगळ्या नोंदी दिल्या की येवला, नांदगाव, मालेगाव अख्खे लाल (म्हणजे 'योग्य') होतात. मे महिन्यात जिथे हिरवी काडी दिसत नाही ते माळरानही त्यात आलं. पूर्वेकडच्या बागांतल्या नोंदी काढून टाकल्या की सिन्नरच्या पुढे सगळं शून्य. निफाडच्या पेरूतून तर फोपियस निघतो! एयूसी (मॉडेल किती चांगलं ते सांगणारा गुण, १ म्हणजे उत्तम) दोन्ही वेळा ०.९ च्या वर. यातला कुठला नकाशा धरायचा? आणि सिंचनाचा थर द्यायचा झाला तर नेमका कुठला?

गंगथडी

धरू नका, दोन्ही सोडा. दोन्हींत घोळ एकच आहे. तुम्ही मॉडेलला पाऊस सांगितलात, पाणी सांगितलं नाहीत. येवल्याच्या ठिबकावरच्या पेरूतली नोंद आणि वर्षाचा पाचशे-सहाशे मि.मी. पाऊस एवढंच त्याच्यापुढे आलं, तर ते एकच धडा शिकणार: हा कीटक कोरड्यात राहतो. मग तेवढ्याच पावसाचं सगळं माळरान तो लाल करतो. नोंद काढलीत की धडा उलटा होतो. एयूसीवर जाऊ नका. पार्श्वभूमीचे बिंदू (नोंदींशी तुलनेसाठी घेतलेल्या जागा) अख्ख्या राज्यातून घेतले असतील तर थोड्याच भागात आढळणाऱ्या प्रजातीचा एयूसी सहज ०.९ च्या वर जातो.

अशा भागासाठी क्लायमेक्स हे सॉफ्टवेअर बरं पडतं (सुदरस्ट आणि मेवाल्ड यांनी १९८५ मध्ये मांडलेलं). त्यात मातीतल्या ओलाव्याचा हिशोब आठवड्याला होतो आणि सिंचन वेगळं देता येतं. पण तिथेही लोक हमखास एकाच ठिकाणी घसरतात. पावसावरच्या रनमध्ये बागायतीतल्या नोंदींचा इकोक्लायमॅटिक इंडेक्स (जागा वर्षभर राहायला किती योग्य तो गुण) शून्य येतो. मग तो वर यावा म्हणून कोरडेपणाच्या ताणाचा उंबरठा खाली आणि वेग कमी करत बसतात. नोंदी बसतात, आणि मॉडेल मॅक्सएंटच्याच खड्ड्यात जातं.

क्रम उलटा ठेवा. कोरडेपणाचे आकडे फक्त बिनपाण्याच्या जागांच्या नोंदींवर बसवा: पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची रायवळ आंब्याची झाडं, डोंगरकडेची जांभळं. ओलाव्याची खालची मर्यादा ०.१ पासून धरा, ती साधारण वनस्पतीच्या कोमेजबिंदूशी जुळते. त्याच्या खाली जायचं असेल तर जैविक कारण हाताशी हवं. हे आकडे एकदा गोठवले की मग बागायतीच्या नोंदी सिंचन चालू करून तपासा. तरीही शून्य आलं तर चूक पाण्याच्या आकड्यात किंवा तापमानात शोधा, कोरडेपणाला हात लावू नका.

शेवटी दोन नकाशे जोडायचे. सिंचित पेशीत (नकाशाच्या चौकोनात) सिंचनाचा निकाल, बाकी ठिकाणी पावसाचा. मनमाडच्या पुढचं माळरान आपोआप पांढरं होईल आणि बागांचे ठिपके उरतील.

लेबलवाचक

त्याआधी नोंदी पुसून-झाडून घ्या. दोन गोष्टी.

पहिली, नावं. फोपियस अरिसानस जुन्या लेबलांवर बायोस्टेरिस अरिसानस किंवा ओपियस ऊफिलस म्हणून सापडेल, लाँजिकॉडाटा ओपियस किंवा बायोस्टेरिस लाँजिकॉडाटस म्हणून. फक्त आजच्या नावाने शोधलंत तर निम्मा माल हाती लागणार नाही. यजमान माशीचंही तेच: पापाये आणि इन्व्हाडेन्स या दोन्ही २०१५ पासून बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्येच धरल्या जातात. नुसतं 'फोपियस प्रजाती' लिहिलेली आणि बोरातून निघालेली नोंद मात्र बाजूला ठेवा. बोरावरची माशी कार्पोमाया व्हेसुव्हियाना, आणि तिच्यावरचा फोपियस कार्पोमायी हा वेगळा कीटक. बोर बांधावर बिनपाण्याने वाढतं. अशी एक नोंद जरी अरिसानसच्या यादीत शिरली तरी कोरडेपणाचं सगळं गणित बिघडेल.

दुसरी, जागा. जुन्या लेबलावर 'नासिक' एवढंच असतं आणि कुणीतरी त्याला शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश देऊन टाकतो, २०.०, ७३.८. इतर जिल्ह्यांत हे एक वेळ चालेल. इथे इगतपुरीला तीन हजार मि.मी.च्या वर पाऊस आणि साधारण शंभर कि.मी. पूर्वेला येवल्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. लेबलावरचं 'नासिक' म्हणजे यातलं कुठलंही असू शकतं. ज्या नोंदीची अनिश्चितता ५ कि.मी.पेक्षा जास्त, ती मॉडेलमध्ये नको. ३८ मधल्या किती उरतात ते सांगा.

हवामानाच्या थरांचंही तसंच. क्लायमेक्ससोबत बहुतेक जण क्लायमॉन्डचे १० आर्क-मिनिटांचे थर वापरतात, म्हणजे साधारण १८ कि.मी.ची पेशी. हवामान खात्याची पावसाची ग्रिड ०.२५ अंशाची, ती तर २७ कि.मी. घाटमाथ्याजवळ अशा एका पेशीत धो-धो पाऊस आणि पर्जन्यछाया एकत्र कालवली जाते. वर्ल्डक्लिम ३० सेकंदांचं आहे, पण त्यातले बायो ८, ९, १८, १९ हे चार थर गाळा. 'सर्वांत ओली तिमाही', 'सर्वांत उष्ण तिमाही' ही व्याख्याच शेजारच्या पेशीत बदलते आणि नकाशावर रेघ मारल्यासारखी कडा उमटते.

निफाड_कीडनोंद

बरंच डोक्यात आलं. पाच कि.मी.ची चाळण लावली, २१ उरल्या. क्लायमेक्समध्ये सिंचनाचा आकडा किती द्यायचा? लेखांतून रोज २.५ मि.मी. दिसतो. आमच्याकडे ठिबक, आणि शेतकरी लिटरमध्ये सांगतात. शिवाय डाळिंब-पेरूच्या बऱ्याच बागांत परोपजीवी मिळालाच नाही. त्या जागा 'नाही' म्हणून नोंदवू का?

पाटकरी

आधी लिटर. डाळिंब ४.५ × ३ मीटरवर, म्हणजे झाडामागे १३.५ चौ.मी. झाडाला दिवसाला ४० लिटर दिलं तर सगळ्या क्षेत्रावर पसरून जेमतेम ३ मि.मी. पण ठिबक सगळं क्षेत्र भिजवत नाही. ओला भाग ३० टक्के धरला तर ४ चौ.मी.वर तेच पाणी जवळपास १० मि.मी. होतं. परोपजीवी माशीच्या कोषातूनच बाहेर येतो, आणि कोष असतात झाडाखालच्या मातीत, वरच्या काही सें.मी.त. म्हणजे तुमच्या कीटकाला पडणारं पाणी १० मि.मी. आहे, ३ नाही.

हा फरक किती महागात पडतो ते साध्या बादलीच्या हिशोबाने पाहा. जमिनीची धारणा १०० मि.मी., बाष्पीभवनाचा गुणक ०.८ (क्लायमेक्सही मुळात हेच धरतो). एप्रिलात आपल्याकडे पात्र-बाष्पीभवन (उघड्या भांड्यातून उडणारं पाणी) रोज ८ मि.मी. धरा. आठवड्याला ४५ मि.मी. जातं. रोज २.५ म्हणजे आठवड्याला १७.५ येतं. दर आठवड्याला २७ ची तूट, भरलेली बादली चौथ्या आठवड्यात कोरडी. म्हणजे लेखातला २.५ चा आकडा उचललात तर मे महिन्यात बागही मॉडेलमध्ये मरते, प्रत्यक्षात ड्रिपरखाली माती ओलीच असते. १० मि.मी. दिलं तर आठवड्याला ७० येतं आणि बादली भरलेलीच राहते. दोन्ही टोकं चालवा आणि मधला पट्टा अनिश्चितता म्हणून दाखवा.

पाणी आठवड्यानुसार द्या, वर्षभर सारखं नको. इथले लोक बहर (फुलोऱ्याचा हंगाम: मृग, हस्त किंवा आंबे) धरायला ताण देतात. पाणी तोडतात, महिना-दीड महिना माती कोरडी पडते, पानगळ होते. मृग बहराचा ताण एप्रिल-मेच्या उन्हात येतो, म्हणजे परोपजीवीला सर्वांत अवघड काळात. आंबे बहराचा ताण थंडीत पडतो आणि उन्हाळ्यात बाग ओली राहते. एकाच गावातल्या शेजारच्या दोन बागा, परोपजीवीच्या नजरेने दोन वेगळी हवामानं. क्लायमेक्समध्ये सिंचन उन्हाळी आणि हिवाळी असं दोनच भागांत देता येतं, त्यात दीड महिन्याचा ताण बसत नाही. उपाय म्हणजे हवामानाच्या फाइलमध्येच महिन्याच्या पावसात सिंचनाचे मि.मी. मिळवायचे, ताणाच्या महिन्यांत शून्य. कमाल-किमान तापमान आणि सकाळ-दुपारची आर्द्रता आहे तशीच ठेवा. मग सिंचनाचं बटण बंद. दोन्ही चालू राहिलं तर पाणी दोनदा मोजलं जातं, आणि हे लक्षात यायला आठवडा जातो.

पाटाच्या पाण्याचं वेगळं. आवर्तन आलं की सरी भरते, मग पुढच्या आवर्तनापर्यंत काही नाही. काळ्या जमिनीला भेगा पडतात. महिन्याच्या सरासरीत हे दिसत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या पेशी मी तरी पावसावरच्या धरीन.

नकाशाघर

सिंचनाच्या थराबद्दल. जागतिक सिंचन-नकाशा (५ आर्क-मिनिटांचा) उचलू नका. तो साधारण २००५ च्या स्थितीचा आहे आणि मुख्यतः 'सिंचनाची सोय असलेलं क्षेत्र' दाखवतो. त्यानंतर झालेली शेततळी आणि ठिबक त्यात नाहीत. ईआरए५-लँड या जागतिक हवामान-संचातला मातीचा ओलावाही नको, त्यात सिंचनच धरलेलं नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाची एप्रिलची १० मीटरची चित्रं घ्या, ढग नसतात. गहू निघून गेलेला असतो, रब्बी कांदाही काढणीला आलेला, त्यामुळे जे हिरवं दिसतं ते पाण्यावरचं.

पण 'सिंचित' म्हणजे 'यजमान आहे' असं नव्हे, आणि आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. निफाड-दिंडोरीचं ठिबक बहुतांश द्राक्षाला, आणि द्राक्ष या माश्यांचं मुख्य यजमान नाही. त्याखालोखाल ऊस. एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी होते, वेली उघड्या पडतात, म्हणून एप्रिलच्या चित्रात त्या आपोआप गळतात आणि मेअखेर पुन्हा हिरव्या होतात. एप्रिल कमी आणि मेअखेर जास्त असा पिक्सेल द्राक्ष समजा. ऊस वर्षभर गडद, पण तोडणी झाली की एकदम कोसळतो. उरलेल्यातून आंबा, पेरू, चिकू, डाळिंब. कालव्याकाठच्या वेड्या बाभळीही याच उरलेल्यात लपतात, त्या हाताने खोडाव्या लागतात. ताणावरचं मृग बहराचं डाळिंब एप्रिलात निष्पर्ण असतं, ते नोव्हेंबरच्या चित्रात शोधा.

गंगथडींशी एका बाबतीत माझं जुळत नाही. मॅक्सएंट टाकून द्यायची गरज नाही. पावसाच्या थरांऐवजी पाटकरींच्या बादलीतून निघालेला 'सर्वांत कोरड्या आठवड्याचा ओलावा' हा एकच थर द्या, सोबत तापमानाचे दोन-तीन. २१ नोंदींना १९ थर म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. रेषीय (लिनिअर) आणि वर्गघाती (क्वाड्रॅटिक) फीचरच ठेवा, म्हणजे वक्र साधे राहतील. नियमितीकरणाचा (मॉडेलला घोकंपट्टीपासून आवरण्याचा) गुणक १ ते ४ फिरवून पाहा. पार्श्वभूमीचे बिंदू फळमाशी-सर्वेक्षण जिथे झालं त्याच जागांतून घ्या, म्हणजे रस्त्याकाठच्या बागांचा कल दोन्हीकडे सारखा राहील.

गंगथडी

ओलाव्याच्या थराला हरकत नाही, पण तो निफाडचाच राहील. ज्या भागाचे बिंदू दिले नाहीत तिथे नेताना मेस नकाशा (शिकवलेल्या हवामानाबाहेरच्या जागा दाखवणारा) काढा आणि मर्यादेबाहेरच्या पेशी राखाडी ठेवा.

यजमानाचा मुद्दा पुढे नेतो. परोपजीवीचा वार्षिक निर्देशांक यजमानाच्या वार्षिक निर्देशांकाने गुणून लोक मोकळे होतात. त्यात वेळ हरवते. दोघांचा साप्ताहिक वाढ-निर्देशांक काढा आणि प्रत्येक आठवड्याला दोहोंतला लहान तो घ्या. त्यावर तिसरी पट्टी ठेवा: त्या आठवड्यात झाडावर पिकतं फळ आहे का. आंबा जूनपर्यंत. आंबे बहराचा पेरू पावसाळ्यात, मृग बहराचा नोव्हेंबर ते जानेवारी, हस्त बहराचा फेब्रुवारी ते एप्रिल. जिथे एकच बहर धरतात तिथे सहा-सात महिन्यांची पोकळी पडते आणि हवामान कितीही चांगलं असलं तरी अरिसानस टिकणं अवघड. कारलं-दोडक्याने ही पोकळी भरते असं समजू नका. तिथली माशी झ्यूगोडॅकस कुकर्बिटे, ती अरिसानसला मानवत नाही. तिच्यावर सायटालिया फ्लेचेरी असतो, त्याचा नकाशा वेगळा.

कोषपेटी

'नाही' नोंदींचं मी सांगते, कारण मॉडेलचा निम्मा घोटाळा तिथूनच येतो.

मिथाइल युजेनॉलचा सापळा नर माश्या ओढतो, परोपजीवी नाही. त्या माश्याही लांबून येतात, म्हणजे सापळ्यात माशी आहे म्हणून त्या बागेत ती वाढते असंही ठरत नाही. फळंच आणावी लागतात. ती कशी आणता त्यावर काय मिळेल ते ठरतं. अरिसानस अंड्यावर येतो, म्हणून झाडावरचं नुकतं टोचलेलं फळही चालतं. लाँजिकॉडाटा मोठ्या अळीवर येतो. कच्चं फळ लवकर तोडून आणलंत तर त्याला संधीच मिळालेली नसते आणि तुमच्या वहीत 'नाही' पडतं. झाडावरचं आणि खाली पडलेलं फळ वेगवेगळ्या लॉटमध्ये ठेवा. स्पॅलांजियासारखे कोषावरचे परोपजीवी फळांतून मिळणारच नाहीत, त्यासाठी झाडाखालची वरची ५ सें.मी. माती चाळावी लागते.

फळं तारेच्या जाळीवर, खाली चाळलेली वाळू. वाळूच्या किलोला १०० मि.लि. पाणी. त्याहून ओली झाली तर बुरशी येते, सुकली तर कोषातच जीव वाळतो, आणि पुन्हा खोटं 'नाही'. पेरूचा रस वाळूत साठू देऊ नका, अळ्या बुडतात. आठ-दहा दिवसांनी वाळू चाळून कोष मोजा आणि मलमलीच्या झाकणाच्या बरण्यांत २६-२७ अंशांवर ठेवा. माश्या आधी निघतात, साधारण दहा-बारा दिवसांत. परोपजीवी त्यानंतर. माश्या निघाल्या की बरणी धुऊन टाकायची सवय असेल तर तुमच्याकडे परोपजीवी कधीच नोंदला जाणार नाही. किमान ३५ दिवस थांबा, मग न फुटलेले कोष उघडून बघा. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवून ओळख बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या ठिकाणाहून पक्की करून घ्या. मादीची अंडनलिका शरीरापेक्षा लांब दिसली म्हणून लाँजिकॉडाटा लिहून मोकळं होऊ नका.

आता आकडा. खरं परोपजीवीकरण ५ टक्के असेल आणि २० कोष तपासले, तर एकही न मिळण्याची शक्यता ३६ टक्के. ६० कोष तपासले तर ती ५ च्या खाली येते. त्यामुळे ६० पेक्षा कमी कोषांचं शून्य मी 'नाही' मानत नाही, ते 'माहीत नाही'.

फवारणीही लिहा. डाळिंबाच्या बागेत आठवड्याला एक फवारा असेल तर तिथलं शून्य औषधाचं, हवामानाचं नाही. अशी जागा मॉडेलला 'अयोग्य' म्हणून शिकवली की सगळा सटाणा-मालेगाव पट्टा विनाकारण पांढरा होतो. तिथे नमुना घ्यायचा तर बागेच्या बांधावरचा, परसातला, विहिरीजवळचा बिनफवारणीचा पेरू घ्या. पाणी तेच, ऊन तेच, औषध नाही.

निफाड_कीडनोंद

२१ मधल्या सहा नोंदी फवारणीच्या बागांच्या निघाल्या, पण त्या 'आहे' नोंदी. त्या ठेवू ना?

कोषपेटी

ठेवा. फवारा असूनही सापडला, म्हणजे आहे. फक्त त्यांच्यावरून प्रमाण काढू नका.

पाटकरी

तपासणीसाठी नोंदी यादृच्छिक वाटू नका. शेजारशेजारच्या दोन बागा, एक शिकवायला आणि एक तपासायला, असं झालं की मॉडेल पास होणारच. तालुक्यांचे गट करा. निफाड-सिन्नरवर बसवा, येवला-नांदगाववर तपासा, मग उलट. आणि निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली जातो, ते महिन्याच्या सरासरीत दिसत नाही. जानेवारीत तिथे मॉडेल फारच खूश दिसलं तर रोजचं किमान तापमान काढून बघा.

निफाड_कीडनोंद

ठीक. पाण्याच्या फाइली बहरानुसार तीन करतो: मृग, हस्त, आंबे. नोव्हेंबरात मृगाचा पेरू सुरू झाला की येवल्यात बांधावरच्या झाडांचे लॉट, प्रत्येकी ६० कोष मिळेपर्यंत. पहिल्या रनचे नकाशे इथेच टाकतो.